लाल गडी

वाचून झाल्यावर कुणी 'छान रचलंय' म्हणू नये, म्हणून आधीच सांगतो...

यातलं काही रचलेलं नाही.

ज्याच्यावर हे गुदरलं तो समाधान माझा सख्खा साडू. रावेतला राहतो, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारा तोच.

भुताला अमावास्येची रात्र लागते म्हणतात. इथे तसलं काही नव्हतं. गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता आणि लख्ख दुपार.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी. वर्षालीला, म्हणजे माझ्या मेहुणीला, महालक्ष्मीच्या पूजेसाठी माळ्यावरचा चौरंग हवा होता. समाधान स्टुलावर चढला. चौरंगाबरोबर एक खोकं खाली आलं.

खोक्यात जुना व्हिडिओ गेम होता. एक कॅसेट आणि एकच रिमोट. दुसरा केव्हाच मोडला होता.

अकरा वर्षांत समाधानने ते उघडलं नव्हतं. तरी त्याने कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि वायरी टीव्हीला जोडल्या.

ती एलियनवाली गेम. परग्रह, राक्षस, दोन गडी, एक निळा नि एक लाल. प्रत्येकाला तीन जीव. चित्रं इतकी ओबडधोबड की हल्लीची पोरं हसतील. समाधानच्या मोबाइलमध्ये आज चकचकीत गेम पडून आहेत, एकही त्याला दहा मिनिटं धरून ठेवत नाही. ही मात्र त्याच्या बोटांना अजून तोंडपाठ होती. मेलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं, कुणी काही विचारत नाही... त्यातच तिची सगळी गोडी.

लग्नाआधी तो चाकणला खोली करून राहायचा. दर गुरुवारी आदिनाथ यायचा. जवळच्याच गावातल्या शेतकरी धर्माजींचा मुलगा. दोघे पत्रा दाबून आकार देणाऱ्या एकाच प्रेस मशीनवर. समाधान पहिल्या शिफ्टला, आदिनाथ दुसरीला.

निळा समाधानचा, लाल आदिनाथचा.

तिसऱ्या टप्प्यात धबधबा होता. दगडांवर उड्या मारत वर चढायचं. एकजण पुढे गेला की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. समाधान दरवेळी घाई करायचा. आदिनाथ बोंबलायचा, "आरं थांब की लेका, मला वर यिऊ दे!" मग दोघंही पोट धरून हसायचे.

अकरा वर्षांपूर्वी आदिनाथ त्या प्रेसमध्ये सापडला आणि गेला.

प्रेसला जाळीचा दरवाजा असतो. तो उघडला की सेन्सर मशीन थांबवतो. पण दर वेळी दरवाजा लावत बसलं तर टार्गेट होत नाही. म्हणून पोरं सेन्सरवर लोखंडी पट्टी चिकटवायची. दरवाजा उघडा असला तरी मशीनला तो बंद वाटायचा. शिफ्ट संपली की पट्टी काढून पुढच्याच्या हातात मशीन द्यायचं, हा त्यांच्यातला अलिखित कायदा.

त्या दिवशी समाधानच्या लग्नाचा बस्ता होता. कंपनीची बस हॉर्न देत होती. आदिनाथच्या पाठीवर थाप मारून तो पळाला.

पट्टी तशीच राहिली.

चौकशीत त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी काढून ठेवली होती." चारच शब्द. मग कागदावर आलं, कामगाराने स्वतःच सेन्सर निकामी केला. चूक मेलेल्याची ठरली. समाधान पुढे सुपरवायझर झाला. आता दर सोमवारी नव्या पोरांना सुरक्षेची शपथ तोच देतो. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणाला, पण देतो.

तर ती दुपार.

त्याने एकट्याची गेम लावली. धून वाजली. आकाशातून निळा गडी उतरला.

आणि त्याच्यामागोमाग...

लाल.

त्याने गेम बंद करून पुन्हा लावली. पुन्हा एकट्याची. पुन्हा दोघे उतरले.

दुसऱ्या रिमोटची जागा रिकामी होती. त्याने बोट घालून पाहिलं.

लाल गडी खेळत होता. गोळी झाडण्याआधी उगाचच दोन उड्या मारत होता... आदिनाथ तसाच खेळायचा. समाधानला किती वेळा हसू यायचं त्या उड्यांचं. आज आलं नाही.

पहिला टप्पा संपला. दुसरा संपला.

धबधबा आला.

समाधान थांबला. मनाशी म्हणाला, आज थांबतो बाबा, ये तू वर.

लाल गडी खालच्या दगडावर उभा राहिला. हलेना.

त्या गेममधले गडी एकतर डावीकडे बघतात नाहीतर उजवीकडे. हा समोर बघत होता.

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. पंख्याचा आवाजही येईना. मग खालून, सोसायटीच्या गेटकडून, कंपनीच्या बसचा लांबलचक हॉर्न आला... गुरुवारी. सुट्टीच्या दिवशी.

समाधान दचकला आणि अंगठा दाबला गेला.

निळ्याने उडी मारली. पडदा वर सरकला. लाल गडी खाली गेला.

गेममध्ये मेल्यावर बारीक धून वाजते. ती वाजलीच नाही. टीव्हीतून एकच आवाज आला, धप्प... प्रेसचा. तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता.

लाल पुन्हा उगवला. पुन्हा हॉर्न. पुन्हा अंगठा. पुन्हा धप्प.

तीन जीव संपले. तरी तो येतच राहिला. चौथ्यांदा. पाचव्यांदा. सहाव्यांदा...

"कुणाशी खेळताय?"

मागे वर्षाली उभी होती. हातात हळदीकुंकवाची कोयरी.

"एकटाच."

"मग तो लाल कोण आहे?"

तिलाही दिसत होता.

ती पडद्याकडे बघत राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अहो, थांबा की जरा. त्याला वर येऊ द्या."

आदिनाथबद्दल वर्षालीला काहीच माहीत नव्हतं. समाधानने घरात ते नाव कधी काढलंच नव्हतं.

त्याने रिमोट टाकला, गाडीची चावी घेतली आणि चप्पल न घालताच आदिनाथच्या गावाकडे निघाला. तळवड्याच्या गर्दीतून गाडी कशी काढली ते त्याला आजही आठवत नाही.

धर्माजी ओट्यावर कांदे निवडत बसले होते. समाधानने त्यांचे पाय धरले आणि रडत सगळं ओकून टाकलं. पट्टी, बस, ते चार शब्द.

म्हाताऱ्याने हातातला कांदा खाली ठेवला.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"...काय?"

"दवाखान्यात दोन दिस व्हता त्यो. समदं बोलला. म्हनला, बाबा, आत्ता त्याचं नाव घिऊ नका, त्याचं लगीन हाय. त्यो आपसूक यिऊन सांगंल. आमी वाट बघितली. त्याची माय, ठकूबाई, चार वर्सामागं गेली. मरस्तवर इचारत व्हती, आला का त्यो पोरगा?"

समाधानला वर बघवेना.

"मला सांगून काय उपेग, पोरा? मला ठावंच व्हतं. कागदावर माझ्या लेकाची चूक लिवल्याली हाय. तितं जाऊन सांग."

"सांगतो," समाधान म्हणाला. "शपथ, सांगतो."

हे सगळं त्याने मला महिन्यापूर्वी सांगितलं. सांगताना लहान पोरासारखा रडला.

मी विचारलं, "मग? सांगितलंस ऑफिसात?"

त्याने नाक पुसलं. "पुढच्या महिन्यात मॅनेजरपदाची मुलाखत आहे राव. तेवढी होऊ दे."

मला त्याचा संताप आला. तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण साडू पडला, बायकोच्या बहिणीचा संसार, म्हणून गप्प बसलो. चहा पिऊन घरी तळेगावला आलो.

आमच्या घरी व्हिडिओ गेम नाही. कधीच नव्हता.

गेल्या गुरुवारी दुपारी मी पडलो होतो. बायको आतून म्हणाली, "तो आवाज कमी करा हो. काय सारखं धप्प धप्प लावलंय?"

टीव्ही बंद होता.

धर्माजींचा नंबर माझ्याकडे आहे. त्या कंपनीच्या ऑफिसचाही आहे. मी अजून एकही लावलेला नाही.