कुरडयांनी सरकवलेलं गाव

गेल्या महिन्यात एका सकाळी चहा गाळता गाळता मला कळलं, की माझं घर दुसऱ्या गावात गेलंय. मी घरातच उभी होते. भिंती जागच्या जागी, छप्पर डोक्यावर, मांजर दुधावर टपलेलं. तरी घर गेलेलं.

बातमी आणली माझ्या नातीनं, शर्वरीनं. पोरगी पाचवीत आहे, पण बोलायला बसली की पंधरावीत गेल्यासारखी बोलते. तिनं टॅबलेट माझ्यापुढं धरला. ग्रामपंचायतीचा नवा नकाशा होता. विमानातून पाहावं तसं सगळं गाव वरून दिसत होतं.

"हे बघ आजी, ही गावाची हद्द, जुन्या नोंदीतली, ओढ्याच्या काठानं. आणि आपलं घर हद्दीपलीकडं. आपण आता खैरवाडीचे."

"खैरवाडीला माझी चप्पलसुद्धा राहायला जायची नाही," मी म्हणाले.

हसण्यावारी नेलं असतं, पण गोष्ट पाण्याची होती. आमच्या माळवस्तीवर बारा घरं. तीन दिवसांनी एकदा टँकर येतो. यंदा नवी पाइपलाइन मंजूर झाली, आणि पाइप कुठून कुठं टाकायचा ते पंचायतीचं यंत्र नकाशा बघून ठरवतं. नकाशात आमची बाराच्या बारा घरं खैरवाडीत. म्हणून यंत्रानं पाइप शाळेपाशीच थांबवला होता. गुरुवारी अकरा वाजता ग्रामसभेत त्यावर शिक्का बसणार होता. एकदा शिक्का बसला की पुढची पाच वर्षं टँकरच्या मागं कळशी घेऊन पळा.

मी पदर खोचला आणि पंचायतीत गेले. मागून माझी जाऊ कौसल्या आली. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, आणि तीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. नकाशात तिचं घर माझ्याहून पुढं जाऊन थेट खैरवाडीच्या तळ्यात पडलं होतं. ते ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पंचायतीत नकाशाचं काम करतो तो यंत्रमानव. तीन पायांचा, वर गोल डोकं, म्हणून मी त्याला तिपाया म्हणते. त्याला राग येत नाही. हा त्याचा मोठाच दोष आहे, भांडणाला रंग चढत नाही.

"तिपाया, माझं घर परत आण," मी म्हणाले.

"मालनकाकू, मी घर हलवलेलं नाही. माझी मोजमापं बरोबर आहेत."

"मग काय मी हलवलं?"

"तशी नोंद नाही," तो म्हणाला.

कौसल्या तोंडाला पदर लावून हसली. मी तिथंच सगळ्यांदेखत सांगितलं, की हे यंत्र बिघडलंय, याला भंगारात घाला. हे माझं वाक्य पोरांनो लक्षात ठेवा, मला पुढं ते महागात पडलं.

शर्वरीनं मात्र त्याला शहाण्यासारखं विचारलं, "तिपायादादा, नकाशा बनवतात कसा?"

तिपायानं समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. ड्रोन (बिनमाणसाचं छोटं विमान) गावावर घिरट्या घालतं आणि नऊशे फोटो काढतं. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोतला थोडा भाग पुन्हा येतो. या फोटोत पिंपळ, त्याही फोटोत तोच पिंपळ, की दोन्ही तिथं जोडायचे. गोधडी शिवताना चिंधीवर चिंधी थोडी चढवून टाका घालतो, तसंच. अशी नऊशे चिंध्यांची गोधडी झाली, की झालं गावाचं चित्र.

"पण गोधडीला काय ठाऊक, आपण कुठल्या खाटेवर पडलोय?" शर्वरी म्हणाली.

"अगदी बरोबर," तिपाया म्हणाला. "म्हणून तिला खुंट्या लागतात."

त्या खुंट्यांचं नाव नियंत्रण बिंदू (जिची पृथ्वीवरची जागा आधीच पक्की मोजून ठेवलीय अशी खूण). गावाच्या चार टोकांना चार आणि मधे एक, अशा पाच खुणा तिपायानं ड्रोन उडवायच्या दिवशी सकाळी मांडल्या होत्या. प्रत्येकीजवळ उभं राहून त्यानं आकाशातल्या उपग्रहांचे (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यंत्रांचे) संदेश ऐकले. कुठल्या उपग्रहाचा संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून तो किती लांब आहे ते कळतं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली, की आपण कुठं आहोत ते बोटभराच्या चुकीनं सांगता येतं. मग दुपारी ड्रोन उडालं. फोटोत खूण दिसली, की गोधडीचा तेवढा भाग त्या मोजलेल्या जागी पक्का अडकवायचा.

"आणि खुणा जागेवर होत्या?" शर्वरीनं विचारलं.

"सकाळी होत्या. संध्याकाळी गोळा करायला गेलो तेव्हाही होत्या. ओढ्याकाठची तर अजून तिथंच ठेवली आहे, पाइपच्या मोजणीसाठी."

"मग यंत्रच बिघडलंय," मी म्हणाले आणि घरी आले.

बुधवारी शाळा सुटल्यावर शर्वरी मला घेऊन निघाली. टॅबलेटवर नकाशा आणि त्यावर एक निळा ठिपका. आपण खरोखर जिथं उभे आहोत तिथं तो पडतो, कारण तो उपग्रहांना विचारतो, नकाशाला नाही. शाळेच्या दारात उभ्या राहिलो तर ठिपका शाळेच्या दारात. पिंपळाखाली उभ्या राहिलो तर ठिपका चित्रातल्या पिंपळापासून वीस पावलं मागं. आमच्या अंगणात आलो तर दीडशे पावलं मागं.

"आजी, चूक सगळीकडं सारखी नाही. आपल्याकडं येता येता वाढतीय. गोधडी या टोकाला कुणीतरी ओढलीय."

"कौसल्येनं," मी म्हणाले.

"आता उलट करू. ठिपका चित्रातल्या आपल्या अंगणात येईपर्यंत चालत राहू."

चाललो. माझं अंगण गेलं, कौसल्येचा गोठा गेला, वस्ती संपली, ओढ्याचा काठ आला. ठिपका बरोब्बर माझ्या अंगणात जाऊन बसला. खाली पाहिलं तर पायाशी पांढरा प्लास्टिकचा कागद, त्यावर काळी फुली, चार कोपऱ्यांवर चार दगड. तिपायाची खूण.

मी पदर सारखा करत घराची वाट धरली.

"आजी, थांब," शर्वरी म्हणाली. भांडण अर्धं टाकून निघायची मला सवय नाही, हे तिला ठाऊक. तिनं टॅबलेटवर दोन बोटं फाकवून आमचं अंगण मोठं केलं. ड्रोननं काढलेल्या फोटोत, माझ्या अंगणात, एक पांढरा कागद होता. त्यावर काळी फुली, कोपऱ्यांवर चार दगड. आणि कागदभर गोल गोल काहीतरी.

"या कुरडया आहेत," शर्वरी म्हणाली.

बेचाळीस होत्या. मीच घातल्या होत्या. गव्हाचा चीक तयार, सोऱ्या हातात, ऊन कडक आणि घरात एक धड कागद नाही. ओढ्याकाठी इतका स्वच्छ, जाड कागद उगाच लोळत पडलेला. मी तो उचलून आणला, दगडसुद्धा तेच आणले. संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून होता तिथं, होता तसा नेऊन ठेवला. मी काही चोर नाही.

म्हणजे सकाळी तिपायानं मोजली ओढ्याकाठची जागा, आणि दुपारी ड्रोनला खूण दिसली माझ्या अंगणात. त्यानं माझं अंगण ओढ्याच्या खुंटीला अडकवलं. मग अंगणापुढची सगळी वस्ती ताणली जाऊन पडली पलीकडं.

"ग्रामसभेत तू सांगशील?" मी विचारलं.

"खूण मी नाही नेली," शर्वरी म्हणाली. घराण्याचं बोलणं बरोबर उचललंय पोरीनं.

गुरुवारी शाळेच्या पडवीत सगळं गाव. ग्रामसेविका नलवडे मॅडमनी विचारलं, "नकाशावर कुणाची हरकत?" तिपाया कोपऱ्यात उभा. कुणीतरी म्हणालं, "मालनकाकूंनी सांगितलंय ना, यंत्र बिघडलंय." सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कौसल्या अगदी समोर बसली होती. गप्प बसले असते तर माझी मान ताठ राहिली असती, आणि बारा घरांच्या कळश्या रिकाम्या.

मी उठले. "यंत्र नीट आहे," मी म्हणाले. "गाव मी सरकवलं."

मग कुरडयांसकट सगळं सांगितलं. पडवी इतकी हसली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. नलवडे मॅडमना रुमाल काढावा लागला.

"मालनकाकू," तिपाया म्हणाला, "चूक माझीही आहे. त्या टोकाला मी एकच खूण ठेवली. दुसरी असती तर दोघींचं जुळत नाही हे मला लगेच कळलं असतं. तिला पडताळा बिंदू (पहिली खूण खरी की खोटी ते तपासणारी दुसरी खूण) म्हणतात."

तिपायानं खुणा पुन्हा मांडल्या, आमच्या टोकाला दोन, आणि त्याच दुपारी ड्रोन पुन्हा उडालं. सभा थांबून राहिली. चार वाजता पडद्यावर आमची वस्ती हळूहळू हद्दीअलीकडं आली, कौसल्या तळ्यातून बाहेर निघाली, आणि पाइपची निळी रेघ शाळेपासून पुढं सरकत बाराव्या घराच्या दारात थांबली. मग शिक्का बसला.

आता पाइपचे चर खणणं चालू आहे. पुढच्या वर्षी शर्वरी आणि तिपाया झाडं, विहिरी, दिव्यांचे खांब, सगळं त्याच नकाशावर मांडणार आहेत. खूण मात्र आता कागदाची नाही. माझ्या अंगणातल्या दगडी पाट्यावर फुली कोरून तो जमिनीत गाडलाय. पाच माणसं लागली उचलायला, तेव्हा कुरडया त्यावर घातल्या तरी हरकत नाही.

पडताळा बिंदू कुठं ठेवायचा, असं तिपायानं विचारलं होतं. कौसल्येनं लगेच हात वर केला. "माझ्या दारात ठेव. हिच्यावर नजर ठेवायची मला तीस वर्षांची सवय आहे."

तीस वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं.