रॉड की तार?

धुळ्यातल्या वेल्डिंग मशीनच्या दुकानात काळ्या काचेचा एकच मुखवटा बाहेर काढून ठेवलेला होता... आणि त्यावर दोन हात एकदमच पडले.

"घ्या ना, तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"नको, तुम्ही..." असं म्हणाली खरी, पण मृणालीने मुखवटा काही सोडला नाही.

तो हसला. प्रशील त्याचं नाव. चाळीसगावात तो औषधांचं दुकान चालवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी जुनी जीप दुरुस्त करत बसणं हा त्याचा छंद. मृणाली धुळ्याचीच, तिलाही तोच नाद. तिच्या अंगणातल्या जुन्या मोटारीचा तळ गंजून पार चाळणी झाला होता.

"अक्का, रॉडचं मशीन दाखवा," प्रशील दुकानाच्या मालकिणीला, लिलाबाईंना म्हणाला.

"रॉडने पातळ पत्रा जळतो," मृणाली मध्येच बोलली. "शेजाऱ्यांचं मशीन आणून बघितलं मी. दाराला हे एवढं भोक! तारेचंच घ्यावं."

"जीपची चासी जाड असते, मॅडम. तिथं तुमची तार काय करणार, गुदगुल्या?"

"बठ्ठा दिवस भांडणार का?" लिलाबाईंनी अहिराणी ठसक्यात विचारलं आणि एक निळं मशीन पुढे ओढलं. "याच्यावर तार चालते, रॉडही चालतो. असं एकच शे दुकानात. आधी चालवून तर बघा."

मृणालीने मुखवटा चढवला. सगळं अंधारलं. मग तारेचं टोक पत्र्याला टेकलं आणि त्या अंधारात एक उजेडाचा थेंब उगवला... लोखंडाचा थेंब! तो थरथरला, पसरला, दोन्ही पत्र्यांना भिडला आणि निवला. दोन पत्रे होते, त्यांचा एक झाला. ती श्वास घ्यायचंच विसरली.

"बघितलंत?"

"कसं बघणार? तोंड फिरवून उभा होतो."

तिने मुखवटा त्याच्या हातात दिला. त्यानेही एक थेंब टाकला. मग मुखवटा वर केला. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

मशीन दोघांनी मिळून घेतलं. एक रविवार धुळ्यात, पुढचा चाळीसगावात, असा त्या मशीनचा रेल्वेने प्रवास सुरू झाला, आणि त्याच्यासोबत दोघांचाही. पातळ पत्र्यावर सलग जोड देत नाहीत. एक थेंब टाकायचा, पत्रा निवेपर्यंत थांबायचं, मग दुसरा जरा लांब. त्या थांबण्यात गप्पा व्हायच्या... आणि त्या गप्पांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

पण काम संपत आलं. मोटारीचा तळ झाला, चासीही झाली. आता प्रशील कशाच्या निमित्ताने येणार? मृणालीला घास गोड लागेना.

रविवारी तो आलाच. हातात जीपचा एक पत्रा. "बघ ना, हाही गंजला."

मृणालीने पत्रा उजेडात धरला. गोल, सारखी, स्वच्छ भोकं.

"प्रशील, गंजाकडे ड्रिल मशीन कधीपासून आलं रे?"

त्याचे कान लाल झाले. "भोकं संपली असती, तर... यायचं कशाला?"

"सरळ विचारायचं होतंस."

त्याने तिच्या हातातला पत्रा घेऊन बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "मशीन... कायमचं कुठं ठेवायचं? धुळ्यात की चाळीसगावात?"

"आपल्या दोघांचं घर जिथं असेल तिथं," मृणाली म्हणाली... आणि स्वतःच्याच धिटाईने थक्क झाली.