आघाडीची गाडी

दिवाळी उलटली की दोरमा खिंडीत साध्या टायरच्या गाड्यांना बंदी होते. खाली मैदानात उन्हाळ्याने आठ-आठ महिने मुक्काम ठोकल्यापासून अर्धं सोलापूर हिमालयात येऊन राहिलं आहे. या मंडळींना उन्हात कसं जगायचं ते ठाऊक, बर्फावर गाडी कशी चालवायची ते नाही. सिद्रामअण्णा हत्तुरे त्यांतलेच. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली आणि एकाही प्रवाशाला खरचटू दिलं नाही. पण इथे गाडी घ्यायची वेळ आली, तेव्हा नेमकी दुकानातली सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जड गाडी त्यांच्या मनात भरली.

त्यांची सून नीलांबरी टायरशास्त्रज्ञ. तिने ती गाडी घेऊ दिली नाही. जड गाडी बर्फावर निघते झोकात, पण थांबत नाही, असं तिने सांगितलं. वळणावर तिचं वजनच तिला दरीकडे ढकलतं. बुटकी गाडी घ्या, चारही चाकांना जोर मिळेल अशी घ्या, आणि गाडीपेक्षा टायरकडे बघा. साधं रबर थंडीत आपल्या कडक भाकरीसारखं होतं, मग ते कशाला धरून ठेवणार?

तिच्या प्रयोगशाळेत तयार झालेला टायर वेगळा होता. त्याला सगळे ‘जाणता टायर’ म्हणत. समोरचा बर्फ कसा आहे त्याप्रमाणे तो आपलं रबर मऊ किंवा घट्ट करी आणि हवे तेवढेच पोलादी दात बाहेर काढी. अडचण एकच होती. समोरचा बर्फ कसा आहे हे त्याला कळायचं कसं?

“आधी बघून घ्यायचं की,” अण्णा म्हणाले होते.

“बघून कळत नाही, अण्णा. चाकाची पकड किती, हे ते घसरेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. बर्फ तासातासाला बदलतो. कुणीतरी घसरून बघावंच लागतं.”

म्हणून खिंडीतल्या प्रत्येक ताफ्यात एक आघाडीची गाडी असे. अनोळखी बर्फ आला की ती पुढे जाई, तिचे टायर मुद्दाम वीतभर घसरत आणि तेवढ्यात झालेलं मोजमाप मागच्या सगळ्या टायरांना पोचे. मागचे मग निर्धास्त. हजारांत एखाद्या वेळी वीतभराचे हातभर होत, आणि खिंडीत हातभर पुष्कळ असतं.

ही गाडी निवडायची कशी, यावर बराच खल झाला होता. शेवटी गाडी घेतानाच प्रत्येकाला विचारायचं ठरलं. प्रश्न नीलांबरीनेच लिहिला होता: ‘अनोळखी बर्फावर इतरांच्या आधी जायला तुम्ही तयार आहात का?’ तिला वाटलं होतं, धाडसी तरुण पोरं हौसेने हो म्हणतील. त्यात तिला काही गैर वाटलं नव्हतं.

एके दिवशी दुपारी अण्णांच्या नातीच्या पोटात दुखायला लागलं. शाल्मली सहा वर्षांची. अपेंडिक्स आहे, संध्याकाळच्या आत खिंडीपलीकडच्या इस्पितळात न्या, असं गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं आणि अण्णांचा मुलगा कामासाठी खाली गेला होता. अण्णांनी गाडी काढली. मागे पोरीचं डोकं मांडीवर घेऊन नीलांबरी बसली. नऊ गाड्यांचा ताफा निघाला.

सातव्या वळणाआधी सगळ्या गाड्या आपोआप थांबल्या. रस्त्यावर निळसर, काचेसारखा बर्फ होता. उजवीकडे दरी. गाडीतल्या पडद्यावर अक्षरं उमटली: आघाडी – हत्तुरे.

नीलांबरीने विचारलं, “अण्णा, दुकानात तुम्ही त्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत?”

अण्णा गोंधळले. “काय म्हणायचं असतंय? म्हटलं, आमचं काय, पिकलं पान. आधी आम्ही जातो, लेकराबाळांच्या गाड्या मागनं येऊ देत.”

पंगतीत ‘आधी तुम्ही बसा’ म्हणावं, त्याच सहजपणे ते बोलले होते. यंत्राने तो शब्द जपून ठेवला होता.

ती घाईघाईने सांगू लागली. शब्द मागे घेता येतो, पण मालकाच्या आवाजातच. मग यादीतली पुढची गाडी जाईल. अण्णांनी आरशात पाहिलं. पाठीमागे एक लहान पांढरी गाडी उभी होती.

“एकतीस वर्षं मी कुणाच्या आडोशानं गाडी चालवली न्हाई, नीला.”

शाल्मली कण्हली. तिचं अंग तापलं होतं. अण्णांनी वळून तिच्याकडे पाहिलं. एवढं भ्यालेलं त्यांना नीलांबरीने कधी पाहिलं नव्हतं. ते पडद्याकडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, “मी जात नाही. दुसऱ्याला जाऊ दे.”

पडद्याने आभार मानले. पांढरी गाडी बाजूने पुढे आली. आत एक म्हातारा आणि कानाला मफलर गुंडाळलेली त्याची बायको होती. यांनी आपल्याला वाट दिली असं वाटून म्हाताऱ्याने हसून हात वर केला. गाडी वळणाआड गेली.

सगळे थांबले. मग खालून एक आवाज आला, फार मोठा नाही. लगेच अण्णांच्या चारही टायरांतून दात बाहेर आल्याची करकर झाली आणि पडद्यावर अक्षरं आली: पकड कळली. मदत पाठवली आहे. वाटेत थांबू नये.

गाडी वळणावरून गेली. टायरांनी रस्ता असा धरला होता की शाल्मलीचं डोकं मांडीवरून हललंसुद्धा नाही. कठड्याचा एक तुकडा नव्हता. तिथे दोन रेघा रस्ता सोडून सरळ गेल्या होत्या.

वळण मागे पडल्यावर अण्णांनी विचारलं, “त्यांनी पण माझ्यासारखंच सांगितलं असेल का गं?”

नीलांबरीला उत्तर ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी तिने आघाडीची यादी पाहिली होती. हो म्हणणारे दोनशे अकरा जण होते आणि साठीच्या आतला त्यांत एकही नव्हता. आपली वडीलमाणसं किती मोठ्या मनाची, असं तेव्हा तिला वाटलं होतं. आता तिला स्वतःची शिसारी आली. ती म्हणाली, “हो.”

आठव्या वळणाआधी गाड्या पुन्हा थांबल्या. पडद्यावर एक नवं नाव आलं आणि मागून एका गाडीने पुढे यायला इंडिकेटर दिला. नीलांबरी अण्णांच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत राहिली. ते काहीतरी बोलतील, आधी जायचा आपला शब्द पुन्हा देतील, असं तिला वाटलं. आणि बोलू नयेत, असंही तितक्याच जोराने वाटलं.

अण्णांनी आरशात नातीकडे पाहिलं. मग त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि वाट दिली.