सहीखालची जागा

ऐक, तशी मी भुताला घाबरणारी नाही. चाळिशीनंतर चष्मा घरी विसरला की मला सगळीकडे भुतंच दिसतात. त्या दिवशी तर मी साध्या कामाला गेले होते.

एका दिवंगत मोठ्या चित्रकाराचं शेवटचं चित्र. सहीखालचा रंग उडाला होता, तो दुरुस्त करायचा. बदल्यात प्रदर्शनात माझी दोन चित्रं लागणार होती, माझ्या नावानिशी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांना ठिगळं लावली; त्यामुळे ही बातमी बहिणीला कधीच सांगून मोकळी झाले होते.

काम देताना गॅलरीवाला म्हणाला, "तुम्हा बायकांचा हात सफाईदार. पण निर्मिती वेगळी हो. तिथे आत आग लागते."

"घरचा गॅस मीच पेटवते," मी म्हटलं. तो हसला नाही.

त्या चित्रकाराची, म्हणजे सरांची, खोली कित्येक वर्षं बंद. भर दुपारी आत अंधार, आणि वास मात्र ताज्या रंगाचा. दिवा लावून बसले. निळा काही केल्या जुळेना. लावला, पुसला, पुन्हा लावला. वैतागले. चूक सापडली नाही की आम्ही चित्रकार चित्र उलटं, आरशात बघतो. आरसा उचलला, तर...

माझ्या खांद्यामागे एक बाई. बाह्या दुमडलेल्या, दातांत ब्रश. तिने हात पुढे करून माझ्या निळ्यात चिमूटभर तपकिरी कालवला, भाजीत मीठ घालावं तसा. रंग जुळला. मग ती अख्ख्या चित्राकडे बघत राहिली, अंगाखांद्यावर वाढवलेल्या पोराकडे बघावं तशी.

"हे... तुम्हीच काढलंय?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"सरांच्या पत्नी ना तुम्ही? नाव काय तुमचं?"

"कुणी विचारलंच नाही... विसरले." मग अगदी कानाशी, "तुझं दे ना..."

बोबडी वळली की मला विनोद सुचतात. "घ्या की. इथे कुणाला हवंय ते."

वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

प्रदर्शनाला बहिणीला घेऊन गेले. माझी दोन्ही चित्रं होती, खालची कार्डं कोरी. सरांच्या चित्रापाशी ही गर्दी.

"सहीखाली बघा," गॅलरीवाला सांगत होता, "बायकोचं नाव. सरांनी किती प्रेमाने लिहिलंय."

नाव माझं होतं. रंग जुना, भेगाळलेला. मी तिथे नुसता निळा भरला होता.

"अहो, हे माझं नाव आहे."

तो अदबीने वळला. "आपण कोण?"

मी बहिणीचा हात घट्ट धरला. तीही माझ्याकडेच बघत होती... उत्तराची वाट बघत.