सहाचं सात करून द्या

भूत म्हटलं की तुम्हाला उलटे पाय हवे असतात. इथे नाहीत. इथे एक फ्रॉक आहे, आणि हे खरं घडलंय. पटलं तर वाचा.

मार्चमधला मंगळवार. भर दुपारचे तीन.

मावशीचं दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. कपडे ती शिवत नाही; कापड बेतायची कागदी कटिंगं लहान-मोठी करून देते. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात.

त्या दिवशी एक बाई आली. हातात सहा वर्षांच्या फ्रॉकचं कटिंग, घड्यांवर विरलेलं.

"सातचं करून द्या."

मुलीला आणा, मावशी म्हणाली. मापांच्या तक्त्याला पोरं कळत नाहीत.

"ती नाही येऊ शकत."

मावशीनं तक्त्यावरून केलं. छाती वाढवली, उंची वाढवली. खात्रीसाठी मांजरपाटाचा कच्चा फ्रॉक टाचून छोट्या पुतळ्याला घातला. गडबडीत मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, जुनाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता... रस्ता गप्प झाला.

पंखा फिरत होता. त्याचाही आवाज नाही.

मग... अगदी जवळून...

"आई, काचतंय."

मावशी वळली. फ्रॉकच्या दोन्ही बगला उसवलेल्या.

उंदीर असेल, म्हणत तिनं पुन्हा टाचल्या. उंदीर बोलतो होय?

तिसऱ्या दिवशी, तीनला, पुन्हा तेच.

संध्याकाळी बाई आली. उसवलेल्या बगला बघत राहिली. घाबरली नाही.

"मुंढा वाढवायचा राहिला ना?"

मावशीनं कटिंगवर टेप धरली; राहिलाच होता.

मग बाईनं सांगितलं. मुलगी सातवं लागताच तापानं गेली. फ्रॉक काचतो म्हणून महिनाभर मागे लागली होती. उद्या शिवते, उद्या शिवते करत राहूनच गेलं. शेवटी तोच अंगात कोंबून पोरीला निरोप दिला. लोक म्हणतात, विसर आता. म्हणणाऱ्यांच्या बापाचं काय जातंय?

मावशीनं तिथल्या तिथे मुंढा खोल केला. बगला पुन्हा उसवल्या नाहीत.

पुढच्या मार्चमध्ये बाई परत आली. आठचं. मग नऊचं. दहाचं.

"वाढतेय हो," एवढंच म्हणायची. घरी शिवलेले फ्रॉक कुठे न्यायची, मावशीनं कधी विचारलं नाही. मुलीला आणा, असंही पुन्हा म्हणाली नाही.

यंदा बाई आली नाही. थंडीतच वारली, तिची शेजारीण सांगून गेली. मावशीनं आपल्याकडची दहाच्या कटिंगची प्रत गुंडाळून माळ्यावर टाकली. सुटले एकदाची, म्हणाली. मग त्याचीच लाज वाटून दिवसभर जेवली नाही.

परवा तीन वाजता... पंख्याचा आवाज गेला.

पुतळा उघडा होता. अंगावर चिंधी नाही.

तरी...

"मावशी, काचतंय."

अकराचा फ्रॉक आता तयार आहे. मावशीनं स्वतः शिवला, शेजारच्या शिंप्याच्या मशीनवर. मुंढा तीनदा मोजला. कुठे न्यायचा ते सांगणारं कुणी उरलं नाही, म्हणून तो पुतळ्यावर आहे. तीन वाजले की मावशी समोर बसते.

आवाजाची तिला भीती नाही.

ती अडुसष्टची आहे. तिच्यामागं पोरगी हाक कुणाला मारणार?