लिस्बनच्या विमानाची तगमग

अरबी समुद्रावर तरंगणाऱ्या सिंधुसंगम विमानतळावर विमान टेकलं, तेव्हा सगळे प्रवासी धडपडत उठून उभे राहिले. बसून राहिल्या त्या एकट्या डॉ. आसावरी निमकर. गंमत अशी, की त्या विमानात खरी घाई असलेली बाई तेवढी एकच होती.

त्यांच्या मांडीवर एक निळी शीतपेटी होती आणि पेटीत पिशवीभर मज्जापेशी, हाडांच्या पोकळीत रक्त घडवणाऱ्या. सांगलीतल्या एका दात्याने आदल्या दिवशी त्या दिल्या होत्या आणि त्या लिस्बनमधल्या कुणा अनोळखी रुग्णाला चढवायच्या होत्या. रुग्णाची स्वतःची मज्जा तिथल्या डॉक्टरांनी औषधांनी आधीच जाळून टाकली होती, म्हणजे आता मागे फिरायची सोय नव्हती. पेटी वेळेत पोचली तर माणूस जगणार होता, नाही पोचली तर नाही. निवृत्त झाल्यापासून आसावरीबाई हे मज्जावाहकाचं काम हौसेने करत. रुग्णाचं नाव त्यांना कधीच सांगितलं जात नसे आणि त्यांनीही ते कधी विचारलं नव्हतं.

आता हे विमान उशिरा का पोचलं, तर वाटेत एका गृहस्थांच्या छातीत कळ आली. बाईंनी त्यांना तपासलं आणि हे अपचन आहे असं स्पष्ट सांगितलं. पण वैमानिकाने विमान परत फिरवलं. खाली उतरल्यावर गृहस्थांनी दोन ढेकर दिले आणि ते ठणठणीत झाले. लिस्बनचं विमान मात्र त्या ढेकरांपायी सुटायच्या बेतात आलं होतं.

उतरताच दारात प्रत्येकाच्या हातात एक मऊ मनगटपट्टी अडकवली गेली. पुढे तपासणीच्या ठिकाणी पेटी क्ष-किरण यंत्रात घालायला सांगितली, तेव्हा बाईंनी ती छातीशी धरली.

"ही यंत्रात जाणार नाही. आत जिवंत पेशी आहेत. हाताने तपासा."

तिथला अधिकारी नियम वाचू लागला. बाईंनी त्याला सगळा नियम वाचू दिला आणि तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगितलं. तीस वर्षं रक्तरोगांच्या कक्षात काढलेल्या बाईंचं हे असंच होतं. संकट जितकं मोठं, तितका त्यांचा आवाज खाली. शेवटी अधिकाऱ्याने हात टेकले आणि कुणाला तरी बोलावून घेतलं.

आलेला माणूस चाळिशीतला, किरकोळ बांध्याचा. "मी तन्वीर काझी. प्रतीक्षा विभागात अभियंता आहे. मूळचा मिरजेचा," तो म्हणाला. पेटीवरचा कागद वाचताच त्याचा चेहरा बदलला. पेटी हाताने तपासून घेतली गेली आणि तो बाईंना घेऊन सरकगाडीत बसला. विमानतळ अवाढव्य होता. लिस्बनचं दार अगदी दुसऱ्या टोकाला.

"काझी, तुम्ही त्या विमानाला थांबायला सांगा म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

"मी सांगून काय होणार, डॉक्टर? विमान थांबवायचं की सोडायचं हे इथे माणूस ठरवतच नाही. प्रतीक्षातोल ठरवतो."

"तो काय प्रकार आहे?"

तन्वीरने खिशातला छोटा पडदा त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर एक तराजू होता. "पूर्वी इथे दारावरचा माणूस ठरवायचा. मग काय, जो तो रडून सांगायचा, माझी आई आजारी आहे, माझं लग्न आहे. निम्म्या लोकांकडे डॉक्टरची खोटी चिठ्ठी. खरं कोण, खोटं कोण, कळेना. म्हणून आम्ही बोलण्याचं ऐकणंच बंद केलं. आता शरीराचं ऐकतो. घामातली द्रव्यं, नाडीची लय, त्वचेचा ताण, यांवरून माणसाची तगमग मोजता येते. नुसतं धावल्याने नाडी वाढते, पण तगमग वेगळी. यंत्राला दोन्हींतला फरक कळतो."

"बरं. मग तोलायचं कशाशी?"

"बाहेर राहिलेल्यांपैकी ज्याची तगमग सगळ्यांत जास्त, ती एका पारड्यात. विमानात बसलेल्यांच्या तगमगीची सरासरी दुसऱ्या पारड्यात. त्यांच्या आसनांच्या हातांमध्ये हीच संवेदकं असतात. सुटायची वेळ झाली की बाहेरचं पारडं जड असेल तर विमान थांबतं, आतलं जड झालं की निघतं. आणि खरं सांगतो, पद्धत चांगली आहे. इथे आता कुणी कुणाशी भांडत नाही."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. आतलं पारडं खाली झुकलेलं होतं. बाहेरच्या पारड्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

"यात माझी तगमग कुठे आहे?"

तन्वीरने संकोचून त्यांच्या मनगटपट्टीकडे बोट दाखवलं. ती फिकट हिरवी होती. "डॉक्टर, यंत्राच्या मते तुम्ही बागेत फिरायला आला आहात."

बाईंना हसू आलं आणि लगेच विरलं. आयुष्यभर त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हेच घोकवलं होतं, की रुग्णाच्या उशाशी आपली छाती धडधडली तर हात चालत नाहीत. शांत राहणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्यांनी डोळे मिटून वाईटसाईट आठवून पाहिलं. वडील गेले तो दिवस, नवऱ्याचं ऑपरेशन. वाईट वाटलं, पण पट्टी हिरवीच. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही त्या अशाच होत्या. बाहेर बाकावर बसून त्यांनी लोकरीचा मोजा पुरा केला होता आणि सासरची माणसं त्यावरून वर्षभर बोलत होती.

"पुढचं विमान?" त्यांनी विचारलं.

"उद्या."

"उद्यापर्यंत पेशी टिकत नाहीत."

सरकगाडी सरकत राहिली. तन्वीर थोडा वेळ अंगठ्याचं नख चावत बसला. मग एकदम सावरून म्हणाला, "थांबा, एक करता येईल. आतल्या लोकांना खरं काय ते सांगू या. माणसं आहेत, समजून घेतील. समजलं की घाई सोडतील." बाईंनाही ते पटलं. त्याने विमानातल्या सेविकेला निरोप धाडला आणि तिने तो जसाच्या तसा विमानात वाचून दाखवला: एक डॉक्टर एका रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी मज्जापेशी घेऊन धावत येत आहेत, कृपया धीर धरा.

दोघं पडद्याकडे पाहत राहिले. आतलं पारडं वर यायच्या ऐवजी धाडकन खाली गेलं.

"हे काय झालं?" बाई म्हणाल्या. पण बोलता बोलताच त्यांना कळलं. तन्वीरलाही कळलं. तो पांढराफटक पडला.

"त्यांना तुमची काळजी वाटतेय," तो हळूच म्हणाला. "बाई पोचेल का, त्या रुग्णाचं काय होईल. सगळ्यांचं काळीज लकलक करतंय. आणि यंत्राला फक्त तगमग कळते, कुणासाठी ते कळत नाही. त्याला वाटतंय, या सगळ्यांना निघायची घाई झाली. मीच घात केला, डॉक्टर. आता वेळ झाली की यंत्र लगेच दार लावेल."

भल्या माणसांचं पारडं होतं ते, म्हणून तर इतकं जड. बाईंनी पेटीचा पट्टा घट्ट धरला. त्यांच्या तळव्यांना घाम सुटला होता. कितीतरी वर्षांनी त्यांना भीती वाटत होती, साधी, उघडी भीती. मनगटपट्टी पिवळसर झाली. पण विमानभर माणसांच्या धडधडीपुढे तिचा काय पाड लागणार? सरकगाडीला घाई ठाऊक नव्हती. ती एकेका थांब्यावर थांबत, दारं उघडत, मिटत चालली होती. तन्वीर मान खाली घालून बसला होता. बाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. रागवण्यात अर्थ नव्हता, चूक दोघांची मिळून होती.

"डॉक्टर," बऱ्याच वेळाने तन्वीर म्हणाला, "हे बघा."

आतलं पारडं वर येत होतं. आधी सावकाश, मग भराभर. बाहेरचं पारडं खाली झुकलं आणि पडद्यावर हिरवी अक्षरं आली: प्रतीक्षा.

"यंत्र बिघडलं का?"

"नाही. आतली माणसं शांत होताहेत. का, ते विचारू नका, मला ठाऊक नाही."

गाडी पोचली. दार उघडं होतं. तन्वीर उंबऱ्यापर्यंत आला आणि त्याने नुसते हात जोडले. बाई पेटी सांभाळत आत शिरल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

विमानात शेंगाच्या चटणीचा वास दरवळत होता आणि बहुतेक सगळं विमान झोपलं होतं. डावीकडची माणसं, उजवीकडची माणसं, कुणी तोंडावर रुमाल टाकून, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून. एक धिप्पाड गोरा मनुष्य अर्धवट खाल्लेलं धपाटं हातात धरून घोरत होता. जाग्या होत्या त्या पुढच्या रांगेतल्या एक नऊवारीतल्या आजी. डबे आवरत होत्या.

"आलात काय बाई? या, बसा," त्या म्हणाल्या. "मी शकुंतला मगदूम. आम्ही सगळी इचलकरंजीच्या ज्येष्ठ नागरिक संघाची माणसं. अर्धं विमान आमचंच हाय."

"ही सगळी झोपली कशी?"

"आता बघा, ती पोरगी सांगून गेली तसा सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. आमचे पाटील तर रडायलाच लागले. मी म्हटलं, बाई येणार म्हणती तर येणारच की. आपण उपाशी बसून ती लवकर येणार हाय काय? जेवायची वेळ टळून चालली होती. डबे सोडले. शेजारच्यांनाबी वाढलं, एकट्याने कसं खायचं? आणि जेवल्यावर आमची माणसं डावी कूस धरत्यात. घरी काय, विमानात काय, दुपारी घटकाभर पडल्याशिवाय चालत नाही त्यांना."

आसावरीबाई त्यांच्या शेजारच्या आसनावर बसल्या, पेटी पायाशी घट्ट ठेवली आणि त्यांना रडू आलं. वामकुक्षीने एक माणूस वाचवला होता. आजींनी काही न विचारता त्यांच्या हातात धपाटं ठेवलं. ते खाताना बाईंचा श्वास हळूहळू खाली बसला. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

धपाटं संपलं. पाणी पिऊन झालं. विमान काही हललं नाही.

मनगटपट्टीतून तन्वीरचा आवाज आला. "डॉक्टर, तुम्ही चढलात ना? मग विमान का निघत नाही?"

"ते मी तुम्हाला विचारायचं."

तन्वीर कण्हल्यासारखा म्हणाला, "आतली सरासरी जवळजवळ शून्य आहे. आणि बाहेर लिस्बनचा अजून एक प्रवासी राहिलाय. अत्तराच्या दुकानात भाव करतोय. त्याची तगमग कणभरच आहे, पण शून्यापेक्षा कणभर जास्तच. तो आला की दुसरा कुणी उशिराचा निघेल. डॉक्टर, झोपलेलं विमान सगळ्या जगासाठी थांबून राहील. आणि धावपट्टीवरची पाळी गेली तर रात्र होईल निघायला."

बाईंनी चटकन आपल्या आसनाच्या हाताकडे पाहिलं. त्यांची एकटीची तगमग पुन्हा वाढू लागली होती, पण आता त्या आतल्या पारड्यातल्या नुसत्या एक होत्या. घोरणाऱ्या विमानात त्यांच्या भीतीची सरासरी ती किती निघणार? हलवून उठवावं म्हणून त्यांनी मागच्या काकांच्या गुडघ्याला हात लावला. काकांनी डोळे न उघडता कूस बदलली.

"तसं नाही उठायची ती," मगदूम आजी म्हणाल्या. "झोपेनंतर त्यांना एकच गोष्ट लागती."

"चहा," बाई म्हणाल्या.

"चहा. आलं घालून. पण प्याली की परत निवांत टेकून बसतील बघा."

आसावरीबाई उठल्या. "मग प्यायला द्यायचाच नाही," त्या म्हणाल्या आणि सेविकेला गाठून त्यांनी तिच्या कानात दोन वाक्यं सांगितली. सेविकेला काही उमगलं नाही, पण तिने ऐकलं. मगदूम आजींनी पिशवीतून आल्याचा तुकडा काढून दिला. पुढच्या स्वयंपाककोपऱ्यात चहा उकळू लागला, पडदा बाजूला सारून ठेवला, आणि आल्याचा वास रांगांमधून मागे मागे पसरत गेला.

एक रुमाल हलला. मग दुसरा. माणसं डोळे चोळत सावरून बसली आणि माना उंचावून पुढे पाहू लागली. धिप्पाड गोऱ्यानेही नाक वर केलं. तेवढ्यात सेविकेचा गोड आवाज विमानभर घुमला: "चहा तयार आहे. मात्र तो विमान उडाल्यानंतरच देता येईल."

विमानात जी अस्वस्थता पसरली तिला तोड नव्हती. पाटील उठून उभे राहिले आणि कुणीतरी त्यांना खाली बसवलं. कुणी घड्याळ बघू लागलं, कुणी कपाळ दाबू लागलं, कुणी विचारलं की अजून कशासाठी थांबलोय आपण. मनगटपट्टीतून तन्वीरचं हसू ऐकू आलं. तो एवढंच म्हणाला, "सरासरी कुठच्या कुठे गेली, डॉक्टर. जा आता."

दार मिटलं. अत्तराचा भाव करणारे गृहस्थ मागे राहिले आणि त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, असं यंत्रानेच नंतर नोंदवलं. विमान धावपट्टीवर वळलं, धावलं आणि समुद्र खाली राहिला. आसावरीबाईंनी एक हात पेटीवर ठेवला. आता तो माणूस जगेल, कोण आहे ते, ठाऊक नाही, पण जगेल, असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या.

चहाची गाडी सगळ्यांत आधी मगदूम आजींपाशी आली. आजींनी कप उचलला आणि आसावरीबाईंपुढे धरला.