चुकलेला ळ

कुणाची जीभ घसरली की मी तो शब्द मोबाइलवर टिपून ठेवते. सिल्वासाच्या रंग-कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळता सांभाळता जडलेला छंद. कॅन्टीनचा कल्पेश घाईत ‘चहा-पोहे’ला ‘पहा-चोहे’ म्हणतो. त्यात गूढ काही नसतं. शेजारचे आवाज जागा बदलतात, इतकंच.

सुकदेव धुळ्याकडचा, गाळाच्या टाकीवर कामाला. होळीनंतर तो दिसेना. “न सांगता गावात गेला,” मॅनेजर हेमंतसरांनी जाहीर केलं. त्याच आठवड्यात टाकीवर नवं लोखंडी झाकण बसलं.

“सुकदेव आला का रे?” मी कल्पेशला विचारलं.

“नाय, गाळात हाय ना,” तो म्हणाला आणि जीभ चावली. “गावात, मॅडम.”

ऑफिसातली शैलजाही तशीच चुकली. ‘व’चा ‘ळ’ होतो कसा? आसपास कुठे ‘ळ’ नसताना? मग वॉचमन ललित. बिहारचा माणूस, केळ्याला आजवर ‘केला’च म्हणत आला.

“सुकदेव तो गाळात है,” तो स्वच्छ बोलला.

मी सरांकडे गेले, झाकण उघडा म्हटलं.

“टाकी थांबली तर माल कोण काढणार, तुम्ही?” ते हसले.

हसले! तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याकडचा एक माणूस नाहीसा झाला आणि यांना मालाची पडली होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर सुकदेवची बायको उभी. तानूबाई.

“ताई, ते घरी नाही आले वो. फोनबी लागत नाही.”

मी तिला थेट टाकीपाशी नेलं. सरांना तिथंच बोलावलं. ऊन रणरणत होतं.

“आता हिच्या तोंडावर सांगा,” मी ओरडले. “कुठे आहे सुकदेव?”

“किती वेळा सांगू?” सर कडाडले. “तो गा...”

जीभ अडकली.

मग पुण्याचे हेमंतसर सुकदेवच्या अहिराणीत बोलले. हळू, मायेनं.

“तानू, मी गाळमा शे.”

झाकण उघडायला मी तिथं पडलेली पहार उचलली. कुणी अडवलं नाही.

तानूबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि सरांच्या जवळ गेली.

“थंडी वाजस का?” तिनं विचारलं.

घामानं डबडबलेल्या सरांनी मान डोलावली.